संध्याकाळी सातनंतर कार्ड मशीन रुसतं. दोष वायफायचा की सिमचा?

काठपदर (सदाशिव पेठ)
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दुकान साड्यांचं आहे, त्यामुळे यंत्रातलं मला फार कळत नाही हे आधीच सांगते. काठ हातमागाचा की यंत्रमागाचा हे मी डोळे मिटून बोटांनी सांगेन. पण कार्ड मशीनच्या पडद्यावर ती गोल चकती फिरत राहते, ती कुणाची वाट बघत असते हे मला अजून उमगलेलं नाही.

कुमठेकर रस्त्यावरून आत बोळात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दुकान आहे. सासऱ्यांनी थाटलेलं. भिंती दीड हात जाड. मे महिन्यातही आत गारवा असतो, पण मोबाइलची रेंज उंबऱ्याशीच थबकते. गिऱ्हाइकाला फोन आला की ती 'हॅलो, हॅलो' करत बोळात जाते आणि निम्म्या वेळा परत येत नाही.

मशीन बँकेनं दिलेलं, टच स्क्रीनचं, अँड्रॉइडवालं. आत त्यांचंच सिम आहे, शिवाय आमच्या ब्रॉडबँडचं वायफायही जोडलंय. राउटर मागच्या खोलीत माळ्याशी टांगलाय, कारण केबलवाल्याची वायर तिथूनच आत येते. गल्ला पुढे. मध्ये फार तर पंचवीस फूट.

दिवसभर मशीन गुणी बाळासारखं वागतं. सात वाजून गेले की बिनसतं. रोज नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस. वायफायची खूण दिसत असते, पण कार्ड घातलं की चकती फिरत राहते. कधी दोन मिनिटांनी स्लिप येते, कधी 'उत्तर मिळाले नाही' असं काहीतरी इंग्रजीत येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता मूळ दुखणं. मागच्याच्या मागच्या शनिवारी साताऱ्याचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं. तीन तास बसले. शालू, दोन पैठण्या, मानपानाच्या अकरा साड्या, वर खणांचे तुकडे. बिल ४३,६५० रुपये. मुलीच्या आईनं कार्ड दिलं. चकती फिरली आणि शेवटी 'उत्तर नाही'. मी म्हटलं, परत करूया. दुसऱ्यांदा स्लिप आली. सगळ्यांनी हुश्श केलं, पिशव्या उचलल्या, ताई बोळात गेल्या आणि तिथे रेंज मिळताच त्यांच्या फोनवर दोन मेसेज पडले. दोन्ही ४३,६५० चे. त्या परत आत आल्या तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. स्वारगेटहून त्यांची एसटी होती, वेळ नव्हता. मी बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं, 'एक रक्कम परत न आल्यास दुकान देईल', खाली सही. यावरून घरी काय झालं ते इथे लिहीत नाही.

पैसे गुरुवारी त्यांच्या खात्यात परत आले. पण त्या पाच दिवसांत त्यांचे अकरा फोन, आणि प्रत्येक वेळी मी नव्यानं चोर.

मशीनच्या हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणतो तुमच्या वायफायचा दोष. केबलवाला मोबाइलवर स्पीड काढून दाखवतो, 'बघा काकू, शंभर येतोय'. भाचा म्हणतो नवीन मशीन मागवा. मला वाटतं लक्ष्मी रस्त्याला संध्याकाळी जी गर्दी होते त्यामुळे नेट तुंबत असेल. नेमकं कुणाला धरू?

---

रोखठोक
मंगळवार, रात्री ११.०५

रोख घ्या. प्रश्न मिटला.

---

काठपदर
मंगळवार, रात्री ११.२०

@रोखठोक, तुमच्या घरचं लग्न निघालं की त्रेचाळीस हजार रुपये पिशवीत घालून एसटीच्या गर्दीतून या. चहा आमच्याकडून.

---

गोळी_औषध (सिंहगड रस्ता)
बुधवार, सकाळी ८.१०

आमचं औषधांचं दुकान. उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा खणाखणीत आमची फायबर वरचेवर तुटायची. राउटरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागला की समजायचं, वायर तुटली, बटणं दाबून काही होणार नाही. तेव्हापासून दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला एक डोंगल खणात ठेवलाय.

शिवाय आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. इन्व्हर्टर असला तरी त्या क्षणभराच्या झटक्यात राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि सावरायला दोन-तीन मिनिटं घेतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी कार्ड काढून उभं. वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. मात्र आधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. मी पहिल्यांदा फक्त राउटरलाच लावला होता. राउटर झकास चालू, नेट शून्य.

तुमच्याकडे सातला दिवे जातात का?

---

तारायंत्र (कोथरूड)
बुधवार, दुपारी २.३०

ताई, मी कार्ड मशिनं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम चौदा वर्षं केलं. आता सोडलंय, पण प्रश्न वाचून हात शिवशिवले. थोडं लांबेल.

तुमची चकती कुणाची वाट बघते ते आधी सांगतो. मशीन स्वतः काहीच ठरवत नाही. पिन दाबला की ते सगळं कुलूपबंद करून ज्या बँकेनं मशीन दिलं तिच्याकडे पाठवतं. तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून ते गिऱ्हाइकाच्या बँकेत जातं. ती बँक खातं बघते, पैसे वजा करते, 'हो' म्हणते, आणि तो 'हो' आल्या वाटेनं उलट तुमच्या गल्ल्यापर्यंत येतो. एवढ्या प्रवासात माहिती किती जाते? अगदी थोडी. व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याहून कितीतरी जड असतो. म्हणून केबलवाल्याचे ते शंभर एमबीपीएस इथे कामाचे नाहीत. मी लागलो तेव्हा हीच मशिनं लँडलाइनवर चालायची, दर कार्डाला किरकिर करत फोन लावायची, आणि तरी स्लिप यायची. वेग नसला तरी चालतं, मधेच वाट तुटली तर नाही चालत.

तुमच्या शनिवारी निरोप गेला, साताऱ्याच्या ताईंच्या बँकेनं पैसे कापून 'हो' म्हटलं, आणि तो 'हो' शेवटच्या पंचवीस फुटांत हरवला. असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आता नीट लक्षात ठेवा, मशीन दोन तऱ्हांनी फसतं. एक म्हणजे जोडणीच झाली नाही. 'कनेक्शन फेल्ड', 'नो नेटवर्क' अशा अर्थाचं काही आलं तर निरोप घराबाहेरच पडलेला नाही, पुन्हा कार्ड घालायला हरकत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे जोडणी झाली, निरोप गेला, उत्तर आलं नाही. 'टाइम आउट' किंवा 'नो रिस्पॉन्स'. इथे पैसे गेलेही असतील, नसतीलही. इथे हात आवरायचा. मशीनच्या मेनूत शेवटच्या व्यवहाराची स्थिती बघता येते, किंवा बँकेनं दुकानदारांसाठी अॅप दिलं असेल तर त्यात. आणि गिऱ्हाइकाला आधी बोळात पाठवा, मेसेज बघून येऊ द्या. दुसऱ्यांदा कार्ड त्यानंतर.

उत्तर आलं नाही तर मशीन स्वतःच 'मघाचा व्यवहार रद्द करा' असा निरोप तयार ठेवतं. याला रिव्हर्सल म्हणतात. नेट मिळालं की नव्या व्यवहाराच्या आधी तो जातो. म्हणून रागानं मशीन बंद करून कपाटात टाकू नका. बरेच जण नेमकं तेच करतात.

पैसे पाचव्या दिवशी आले हाही योगायोग नाही. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. खात्यातून रक्कम गेली पण दुकानात स्लिप निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं तक्रार न करता. हे छापून गल्ल्यापाशी ठेवा. पुढच्या वेळी बिलामागे सही करून दुकान गहाण टाकावं लागणार नाही. असा व्यवहार अडकला तर आरआरएन नावाचा बारा आकडी क्रमांक लिहून ठेवा, बँक तोच विचारते.

आता वायफाय की सिम. तुमच्या मशीनमध्ये दोन्ही आहे म्हणून तुम्ही निर्धास्त, पण गोम तिथेच आहे. वायफाय पूर्ण मेलं तर मशीन सिमवर उडी मारतं. वायफाय आजारी असलं, म्हणजे खूण दिसतेय पण निम्मे निरोप गळतायत, तर मशीन त्यालाच चिकटून बसतं. खुणेवर जाऊ नका. ती फक्त राउटर दिसतोय एवढंच सांगते, पुढे वाट आहे की नाही ते नाही.

गर्दीचं म्हणता ते सिमला लागू पडतं. गणपतीत त्या भागात मोबाइलवर साधा फोन लागत नाही हे तुम्हीच मला सांगाल. पण तुमच्या ब्रॉडबँडची वायर लक्ष्मी रस्त्यावर कितीही माणसं आली तरी तुंबत नाही.

तेव्हा एक काम करा. आठवडाभर वहीत लिहा: वाजले किती, मशीन वायफायवर की सिमवर, व्यवहार झाला की अडकला. आणि मुख्य म्हणजे सातच्या सुमाराला दुकानात काय काय बदलतं ते बघा. दिवे, पंखे, माणसं, काहीही. रोजच्या वेळेला येणाऱ्या दुखण्याला कुणीतरी रोज काहीतरी करणारा असतो.

मशीनचं पोट मात्र उघडू नका. आतल्या गुप्त किल्ल्या पुसल्या जातात आणि मशीनचा दगड होतो. सिमही काढून फोनमध्ये घालून बघू नका, ते बहुधा बँकेच्या खासगी वाटेलाच बांधलेलं असतं.

---

कटिंग_आणि_कोडिंग (कर्वे रस्ता)
बुधवार, सायंकाळी ५.५०

छोटं कॅफे चालवतो. आमच्याकडे भिंतीवर पासवर्ड लिहिलेला होता आणि त्याच वायफायवर कार्ड मशीन. परीक्षेच्या दिवसांत पोरं एका कॉफीवर चार तास व्हिडिओ बघायची आणि मशीन बिचारं कोपऱ्यात. आता राउटरमध्येच पाहुण्यांसाठी वेगळं नाव केलंय, मशीनच्या वायफायचा पासवर्ड मला आणि बायकोलाच माहीत. सुरक्षिततेसाठीही ते बरं, अनोळखी फोन आणि पैशाचं मशीन एका पंगतीत नकोत.

अजून एक. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन प्रकारची वायफाय एकाच नावानं देतात. ५ वाला वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतो. दीड हाताच्या भिंतीला २.४ च बरा. दोन्हींची नावं वेगळी करा आणि मशीनला २.४ वालंच द्या.

---

काठपदर
पुढच्या बुधवारी, रात्री १०.१५

तारायंत्र दादा, तुमच्या सांगण्यावरून लाल वही घातली. लक्ष्मीपूजनाला पूजतो तशी, खतावणीचीच. सून हसली.

आधी @गोळी_औषध यांना: सातला दिवे जात नाहीत, उलट लागतात. ६.५० ला देवापाशी दिवा, सातला पाटीचे दिवे, ७.१० ला पुढच्या काचेतले. मी आधी पाटीच्या दिव्यांवर संशय घेतला. दोन दिवस पाटी अंधारात ठेवली. मशीन तसंच अडलं, वर शेजारच्या भांडीवाल्यांनी विचारलं, दुकान विकताय का.

मग रविवार. रविवारी दुकान उघडं असतं, गर्दी सगळ्यात जास्त, आणि मशीन रात्री नऊपर्यंत एकदाही अडलं नाही. एकोणीस कार्डं. माझी गर्दीची गोष्ट तिथेच संपली. रविवारी काय वेगळं असतं याचा विचार करत बसले, आणि सोमवारी सव्वासातला डोळ्यासमोर घडलं.

आमच्याकडे मामा आहेत, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. घड्या घालणं त्यांच्याकडे. सातनंतर मागच्या अंगणातून डास येतात, म्हणून ते मागच्या खोलीचं दार लावून घेतात. जाड पत्र्याचं लोखंडी दार, पूर्वी माल ठेवायचो तेव्हाचं. राउटर दाराच्या पलीकडे, मशीन अलीकडे. रविवारी मामांना सुट्टी.

मी मामांना म्हटलं, उघडा. मशीनवर वायफायच्या तीन दांड्या. म्हटलं, लावा. एक, तीही येऊनजाऊन. मामांना वाटलं मला काहीतरी झालंय. सहा वेळा उघडझाप केली. आठवड्यातून चार-पाच दिवस का, तेही कळलं. ज्या दिवशी मामा लवकर जातात त्या दिवशी दार उघडंच राहतं.

मामांना वाईट वाटलं. 'माझ्यामुळं वैनी?' म्हणाले. डासांमुळं, म्हटलं.

आता करू काय? दार उघडं ठेवलं तर साड्यांवर डास मारायची वेळ येईल.

---

तारायंत्र (कोथरूड)
पुढच्या गुरुवारी, सकाळी ९.००

वा! चौदा वर्षांत मला फ्रिज भेटला, माशांची टाकी भेटली, एका हलवायाकडे राउटरवर पालथं घातलेलं पातेलं भेटलं (धूळ बसू नये म्हणून). मामा पहिलेच. भिंतीतून वायफाय झिजत का होईना जातं, पत्र्यातून जवळजवळ जातच नाही. दार लावलं की जे काही पोचत होतं ते फटीतून आणि भिंतीतून. मेलेलं नाही, आजारी. म्हणून मशीन सिमवरही जाईना.

दार मामांना खुशाल लावू द्या. केबलवाल्याला सांगा, मागच्या राउटरपासून पुढच्या गल्ल्यापर्यंत एक लॅनची वायर ओढ आणि तिथे छोटा दुसरा राउटर लाव, अॅक्सेस पॉइंट म्हणून. अॅक्सेस पॉइंट वायरीतून आलेलं नेट तिथून नव्यानं वायफायवर देतो. केबलवाल्याला हाच शब्द सांगा, नाहीतर तो 'रिपीटर' खपवेल. रिपीटर मागचंच आजारी वायफाय पकडून पुढे फेकतो. दांड्या भरगच्च दिसतील आणि चकती तशीच फिरेल. नव्या डब्याचं नाव वेगळं ठेवा, २.४ वर, पासवर्ड घरात. मशीनमधून मागच्या वायफायचं नाव पुसून टाका, नाहीतर अधूनमधून जुन्या ओळखीवर जाईल.

सिम राहू द्या, पण महिन्यातून एकदा वायफाय बंद करून पाच-दहा रुपयांचा व्यवहार सिमवर करून बघा. तुमच्या वाड्यात रेंज उंबऱ्याशीच थांबते म्हणता, तर मशीन घेऊन उंबऱ्यात उभं राहून करायचा. वेळेला तोच एक रस्ता उरतो. आणि क्यूआरचा छापील कागद दारापाशी लावा, आत नको. तो गिऱ्हाइकाच्या फोनच्या नेटवर चालतो, तुमच्या नाही. मशीनच्या पडद्यावर उमटणाऱ्या क्यूआरला मात्र मशीनचं नेट लागतंच.

---

काठपदर
श्रावण, सोमवार, दुपारी ३.२०

धागा वर काढतेय, कारण पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

केबलवाल्यानं खरंच आधी रिपीटरच काढला. मी 'अॅक्सेस पॉइंट' म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. वायर तुळईच्या कडेनं ओढली, बाहेरून दिसत नाही. छोटा यूपीएसही घेतला, फायबरच्या डब्यासकट. क्यूआर उंबऱ्याशी चौकटीला लावलाय. फोनवर बोलायला बोळात गेलेल्या बायका येता-जाता तिथेच पैसे भरतात.

दोन महिन्यांत सातनंतर तीन वेळा अडलं. एकदा लाल दिवा लागला होता. बाकी दोनदा 'नो रिस्पॉन्स' आलं, हात आवरला, गिऱ्हाइकाला बोळात पाठवलं. एकीला मेसेज आला होता, तिचं पुन्हा कार्ड घेतलं नाही. अॅपमध्ये पाहिलं तर व्यवहार झालेला. दुसरीला मेसेज नव्हता आणि अॅपमध्येही काही नव्हतं, तिचं पुन्हा घेतलं. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक लॅमिनेट करून काचेखाली ठेवलंय, अजून कुणी वाचलेलं नाही.

साताऱ्याच्या ताई परवा मुलीच्या मंगळागौरीसाठी आल्या होत्या. हिरवी नारायणपेठी घेतली, आठ हजार दोनशेची. मी उत्साहानं मशीन पुढं केलं, नवीन वायफायबद्दल सांगायलाही लागले. त्यांनी पर्समधून पाकीट काढलं आणि पाचशेच्या नोटा मोजायला घेतल्या.